डागावर डाग

रंगाच्या दुकानात जाताना माणसाने पैसे न्यावेत, पिशवी न्यावी, पण विवेकबुद्धी घरी ठेवून जावे, असे माझे आता स्पष्ट मत झाले आहे. मी तिन्ही घेऊन गेलो आणि तासाभराने रिकामी पिशवी घेऊन राजारामपुरीच्या मुख्य रस्त्यावर परत येऊन उभा राहिलो. पैसे खिशात तसेच होते. विवेकबुद्धी मात्र बरीच खर्च झाली होती.

प्रकरण गच्चीचे. आमच्या गच्चीवर लाकडी फळ्यांचा एक ओटा आहे. दहा फूट लांब, आठ फूट रुंद आणि फरशीपासून वीतभर उंच. गावाकडचे घर १९८९ साली उतरवले, तेव्हा भावाभावांच्या वाटणीत एका काकांनी शेत मागितले, दुसऱ्यांनी विहीर मागितली आणि आमच्या वडिलांनी माडीच्या कडीपाटाच्या सागवानी फळ्या मागितल्या. आमच्या शाखेत व्यवहारज्ञान किती आहे याचा अंदाज वाचकांना यावा म्हणून हे सांगितले. मी पुढे बँकेत लागलो तो केवळ बी.कॉम.च्या जोरावर; रक्तात काही नव्हते.

त्या फळ्यांचा वडिलांनी ओटा केला. उन्हाळ्यात आम्ही त्यावर झोपायचो, कोजागिरीचे दूध त्यावर बसून प्यायचो, सांडगे तिथेच वाळायचे. दर दसऱ्याला वडील फडक्याने जवसाचे तेल फळ्यांना चोळत. ते गेल्यावर हे काम माझ्याकडे आले. एका वर्षी मी ते केले, आणि तेही अर्धेच. त्यानंतर ते 'पुढच्या दसऱ्याला' या खात्यावर जमा करत गेलो. फळ्या उन्हाने राखाडी पडल्या आणि पावसाळ्यात त्यांच्यावर काळी बुरशी चढू लागली. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचे पाणी ३९ फुटांवर आले की इशारा आणि ४३ फुटांवर धोका, हे कोल्हापुरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. लाकडाला बिचाऱ्याला अशी इशारा पातळी नाही. ते एके दिवशी सासूबाईंच्या पायाखाली करकरते आणि थेट धोकाच जाहीर होतो.

माझा आत्तेभाऊ न्यू जर्सीला असतो. तिकडे घरामागे लाकडी फळ्यांचा ओटा असतोच आणि त्याला 'डेक' म्हणतात. आमच्याकडे डेक म्हटले की गणपतीची मिरवणूक आठवते, तो भाग वेगळा. फोनवर त्याला फळ्या दाखवल्या, तर तो म्हणाला, "अरे, यावर सॉलिड स्टेन मार. पाण्यातला घे, तेलातला नको."

'सॉलिड' म्हणजे कोल्हापुरात एकदम झकास. पण 'स्टेन' म्हणजे डाग, असे मला शाळेत शिकवलेले. डाग काढायला आपण आयुष्यभर पैसे मोजतो आणि अमेरिकेत तो डब्यात भरून विकतात, ही माहिती मला नवीन होती. त्याने समजावून सांगितले. लाकडात मुरणारा रंग तो स्टेन. त्यात रंगद्रव्य कमी असले की पारदर्शक. खालच्या रेषा, गाठी सगळे दिसते. भरपूर असले की सॉलिड. लाकडाचा रंग आणि रेषा साफ झाकून जातात. पाण्यातला लवकर वाळतो, वास कमी येतो, ब्रश नळाखाली धुता येतो. शिवाय लाकूड पावसात फुगते आणि उन्हात आकसते, तेव्हा हा थरही त्याच्याबरोबर थोडा ताणतो. ऑइलपेंटसारखा कडक होऊन पापुद्रे सोडत नाही. म्हणजे निदान लवकर तरी नाही.

हे ज्ञान घेऊन मी दुकानात गेलो. दुकानदाराने पारदर्शकाचा डबा गल्ल्यावर ठेवला आणि कॅटलॉगमधल्या सॉलिडच्या चौकोनावर बोट ठेवले. "साहेब, हा डबा आत्ता घेऊन जावा. सॉलिड पायजे असलं तर मागवून देतो, चार दिवस लागतील. पारदर्शक मारला तर लाकूड लाकूड दिसेल, पण वर्षा-दोन वर्षांनी परत मारावा लागणार. सॉलिड मारला तर पाच वर्षं बघायला नको. जिथं चालता तिथं मात्र आधी झिजणार."

"दोन्हींत इतका फरक का?"

"उन्हामुळं. रंग म्हंजे लाकडाची छत्री. पारदर्शक छत्री कशाला उपयोगाची?"

वास्तविक इथे प्रश्न संपायला हवा होता. उन्हातली अतिनील किरणे लाकडातले लिग्निन तोडतात, त्यामुळे वरचा पदर सैल होतो आणि राखाडी पडतो. हे थांबवायचे तर किरण अडवणारे काहीतरी मध्ये पाहिजे. सॉलिड घ्यावा, घरी यावे, जेवावे. पण आम्ही पडलो बँकवाले. 'पारदर्शक' हा शब्द आमच्याकडे परिपत्रकांत इतक्या वेळा येतो की त्याच्या विरोधात मत देताना माझा हात अडखळला. शिवाय कॉमर्सला 'विंडो ड्रेसिंग' शिकलेलो. एकतीस मार्चच्या आदल्या आठवड्यात ठेवी गोळा करायच्या, ताळेबंद गुटगुटीत दाखवायचा आणि दोन एप्रिलला ज्याच्या त्याला परत. कुजत चाललेल्या फळीवर चॉकलेटी रंग फासणे ह्याहून वेगळे काय?

उलट बाजूही होती. सावंतवाडीच्या लाकडी आंब्याला आणि केळ्याला आपण कधी विचारतो का, की बाबा तुझ्या आतल्या रेषा दाखव? आणि झाकावे की झिजू द्यावे, हा वाद ह्या गावाला काही नवा नाही. अंबाबाईच्या मूर्तीला १९५५ साली वज्रलेप झाला, २०१५ साली पुरातत्त्व खात्याच्या तज्ज्ञांनी रासायनिक संवर्धन केले, आणि दोन्हींबद्दल इथे शहाण्यासुरत्या माणसांनी दोन्ही बाजूंनी तावातावाने वाद घातला. देवीच्या बाबतीत जिथे एकमत नाही, तिथे माझ्या आठ बाय दहाच्या ओट्याची काय कथा!

हे सगळे मी बायकोला सांगितले. ती म्हणाली, "अहो, डबा आणायला गेला होतात ना?"

आता खरी गोष्ट सांगतो. इतका वेळ लिग्निनच्या आड लपलो होतो. त्या ओट्याच्या कोपऱ्यातल्या फळीवर एक काळा डाग आहे. १९९० ची दिवाळी. मी अकरा वर्षांचा, धाकटा आठ वर्षांचा. ओट्यावर फटाके लावायला सक्त मनाई होती, म्हणून मी तिथे भुईनळा लावला. तो कलंडला आणि फळी पेटली. मी जिन्याने खाली पळालो. वडील वर गेले तेव्हा धाकटा तिथे उभा होता आणि त्याच्या हातात पेटती उदबत्ती होती. ती त्याच्या हातात कुणी दिली, हे वाचकांनी ओळखले असेलच. त्याला दोन थोबाडीत बसल्या आणि त्याचे उरलेले फटाके जप्त झाले. मी स्वयंपाकघरात बसून चकली खाल्ली. चकली खुसखुशीत होती, हेही माझ्या लक्षात आहे.

वडिलांनी पटाशीने जळका भाग तासला. तिथे वाटीच्या बुडाएवढा खड्डा राहिला आणि खड्ड्याच्या तळाशी काळे. गेली पस्तीस वर्षे गच्चीवर गेलो की मी त्या कोपऱ्यात कुंडी सरकवतो.

आणि धाकटा या दिवाळीला पुण्याहून सहकुटुंब येणार होता.

सॉलिडच्या बाजूने माझ्याकडे उत्तम कारण होते: ऊन. एक वाईट कारणही होते, ते वर सांगितले. दोन्हींची बेरीज केली तरी रंग एकच येतो. खातेवहीत नाव कुठल्या कारणाचे घालायचे, एवढाच प्रश्न होता, आणि तो विचारायला कुणी ऑडिटर येणार नव्हता. बरोबर काम चुकीच्या कारणासाठी केले तर ते बरोबर राहते काय? लाकडाला विचारले तर ते म्हणेल, राहते. मला रात्री दोन वाजता विचारलेत, तर मी कूस बदलतो.

शेवटी सॉलिडच मागवला. रंगारी आला. त्याने आधी फळीवर पाण्याचा थेंब टाकला. थेंब मोत्यासारखा तसाच बसला. "तेल हाय अजून आत. ह्याच्यावर पाण्याचा रंग धरायचा न्हाई." मग साबणाने घासणे, पॉलिश पेपर मारणे, चार दिवस वाळवणे. पाचव्या दिवशी थेंब टाकला तो मुकाट्याने आत गेला. "सायेब, इच्यार पक्का हाय न्हवं? एकदा झाकलं म्हंजे झाकलं. उद्या मन बदाललं तर समदं खरवडाय लागंल."

पक्का आहे म्हणालो. पातळ दोन हात झाले. राखाडी गेली, गाठी गेल्या, काळा डाग गेला. खड्डा मात्र राहिला. सॉलिड रंग लाकडाचा रंग झाकतो, आकार झाकत नाही. हे आत्तेभाऊ सांगायला विसरला होता. खरे म्हणजे पहिल्या हातानंतरच रंगाऱ्याने विचारले होते, "हितं भुसा नि फेविकॉल भरून सपाट करू काय? कळायचं बी न्हाई."

"राहू दे," मी म्हणालो.

"राहू दे?"

"राहू दे."

त्याच वेळी मी ठरवले की धाकट्याला सांगून टाकायचे. वाक्यसुद्धा तयार केले. कुंडी उचलून खाली नेली.

धाकटा आला, चपला काढून ओट्यावर चढला. "दादा, सॉलिड झालाय रे!" म्हणाला. चालता चालता त्याचा पाय नेमका त्या कोपऱ्यात थबकला. अंगठ्याने त्याने खड्डा चाचपला. माझ्या छातीत धडधडायला लागले.

"हे अजून आहे?"

"अरे, त्याबद्दलच मला तुला..."

पण त्याचे लक्ष नव्हते. त्याने मुलीला हाक मारली. "चिमे, इकडे ये, पळ! तुला सांगितलं होतं ना, मी तुझ्याएवढा असताना केवढा भुईनळा लावला होता? हाच तो! सगळे नको नको म्हणत होते, मी ऐकलं नाही. आजोबांनी दोन ठेवून दिल्या, पण मी रडलो नाही."

मी त्याच्याकडे पाहिले. तो खोटे बोलत नव्हता. पस्तीस वर्षे हात मारून मारून त्याने ती गोष्ट स्वतःची केली होती, आणि त्याच्या सबंध लहानपणात बहुधा तेवढा एकच पराक्रम होता.

"आणि काका काय करत होता?" चिमीने विचारले.

"काका? तो घाबरून खाली पळाला होता."

चिमीने माझ्याकडे कीव करून पाहिले. मग उकिडवी बसून तिने खड्ड्यात बोट घातले आणि ते हळूहळू गोल फिरवले. धाकटा कमरेवर हात ठेवून उभा होता. तयार केलेले वाक्य माझ्या ओठांवर होते.

"चहा सांगून येतो," मी म्हणालो आणि त्याच जिन्याने खाली आलो.