दार नसलेल्याच्या दारी

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥

दत्तजयंती जवळ आली की अनसूयामातेची कथा घरोघरी वाचली जाते. ब्रह्मा, विष्णू, महेश अतिथीच्या वेषात अत्रिऋषींच्या आश्रमात आले, भिक्षा मागितली आणि अट घातली की विवस्त्र होऊन वाढावे. मातेने तीर्थ शिंपडले, तिघांची बाळे झाली. पुढचे आपण सारे जाणतो. लहानपणापासून ऐकलेली कथा, त्यामुळे त्या अटीपाशी आपण फारसे थांबत नाही. यंदा जरा थांबू या. मागणारा दारात उभा आहे आणि त्याला नुसते अन्न नको आहे. देणाऱ्याचे उघडेपण त्याला पाहायचे आहे. अशी भिक्षा मागता येते का? आणि कुणी मागितलीच, तर देणाऱ्याची लाज राखायची कुणी?

हा प्रश्न पुराणात संपलेला नाही, बरं का. तो आज आपल्या खिशातल्या मोबाईलमध्ये आहे. रस्त्यावर राहणाऱ्या माणसांचे फोटो आपण रोज पाहतो. सुरकुतलेला चेहरा, वाढलेल्या जटा, थेट आपल्याकडे लागलेले डोळे, आणि खाली त्याची कहाणी. वाचून गलबलून येते. आपण हात जोडल्याचे चिन्ह टाकतो आणि फोटो पुढे पाठवतो. यात पुण्य आहे की पाप आहे, की दोन्ही नाही?

आधी बेघर म्हणजे काय, ते पाहू. छप्पर नसणे इतकाच त्याचा अर्थ नाही. आपण रडतो, भांडतो, आजारी पडतो, झोपेत तोंड उघडे टाकतो, ते सगळे भिंतीच्या आड. ज्याला भिंतच नाही त्याचे हे सगळे रस्त्यावर चालते. २०११ च्या जनगणनेत आपल्या देशात १७ लाखांहून अधिक माणसे बेघर नोंदली गेली. एवढ्या माणसांना 'आत येऊ का?' असे कुणी विचारत नाही, कारण विचारायला दारच नाही. कॅमेरा थेट त्यांच्या घरात शिरतो.

याला इतिहास आहे. जेकब रीस हा डेन्मार्कमधून अमेरिकेत गेलेला तरुण. सुरुवातीच्या हलाखीच्या दिवसांत तो स्वतः पोलिसचौकीतल्या निवाऱ्यांत झोपला होता. पुढे तो वार्ताहर झाला आणि त्याने न्यूयॉर्कच्या गरीब वस्त्यांतल्या खोल्यांचे फोटो काढले. अंधारात फोटो घ्यायचा तर तेव्हा दारू उडवून भपकन उजेड करावा लागे. रात्री झोपलेली माणसे त्या भडक्याने दचकून उठत आणि तेवढ्यात त्यांचे चित्र निघालेले असे. १८९० मध्ये त्याचे पुस्तक आले आणि शहर हादरले. १९०१ मध्ये तिथे भाड्याच्या खोल्यांसाठी नवा कायदा झाला, त्यात या चित्रांचा वाटा होता. म्हणजे फोटोने भले झाले, हे खरे. पण ज्याने स्वतः तशा जागी रात्र काढली होती, त्यालाही झोपलेल्यांना विचारावेसे वाटले नाही, हेही खरे.

दुसरी गोष्ट १९३६ ची. कॅलिफोर्नियात वाटाण्याचे पीक थंडीने गेले होते. तोडणीसाठी आलेली कुटुंबे तंबूत उपाशी पडली होती. सरकारी कामावर असलेल्या डोरोथिया लँग यांनी तिथे एका आईचा फोटो काढला. खांद्यांवर दोन मुले तोंड फिरवून टेकलेली, आणि तिची नजर कुठेतरी लांब. तो जगातल्या सर्वांत प्रसिद्ध फोटोंपैकी एक झाला. तो वर्तमानपत्रात आल्यावर त्या छावणीत सरकारने वीस हजार पौंड अन्न पाठवले. पण ते पोचेपर्यंत ती माय मुले घेऊन पुढे निघून गेली होती! आपण तिचे नाव विचारले नव्हते, असे लँग यांनीच नंतर लिहिले. ते नाव, फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन, जगाला कळले १९७८ मध्ये. म्हणजे चाळीसहून अधिक वर्षे तिचा चेहरा सगळ्यांचा होता आणि नाव कुणाकडेच नव्हते. या फोटोतून आपल्याला एक पैसाही मिळाला नाही, तो काढलाच नसता तर बरे झाले असते, असे तिने म्हटले.

मग कोण बरोबर? कुणी म्हणेल, अहो, हजारो लोकांच्या पोटात अन्न गेले, एका बाईच्या संकोचाचे काय घेऊन बसलात? हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. दुःख झाकून ठेवले की ते तसेच राहते. ज्याला पाहिलेच नाही त्याच्यासाठी कुणी धावत नाही. म्हणून 'गरिबांचे फोटो काढूच नका' हे उत्तर सोपे असले तरी खोटे आहे. त्याने आपली नजर स्वच्छ राहते, पण फुटपाथवर काहीच बदलत नाही.

मला वाटते, आपली चूक होते ती कोण मागतो आणि कोण देतो हे ठरवण्यात. फुटपाथवर बसलेला तो याचक आणि कॅमेरा घेऊन उभे असलेले आपण दाते, असे आपण धरून चालतो. नीट पाहा. त्या क्षणी कुणाला काही हवे आहे? आपल्याला. त्याच्याकडे शेवटचे उरलेले जे आहे, त्याचा चेहरा आणि त्याची कहाणी, ते मागायला आपण गेलो आहोत. झोळी आपल्या खांद्यावर आहे. दाता तो आहे.

हे एकदा मनात बसले की बाकीचे दत्तसंप्रदायाला शिकवावे लागत नाही. भिक्षेचे नियम आपल्याला पाठ आहेत. दारात उभे राहायचे आणि हाक द्यायची. 'पुढे जा' म्हटले तर मनात राग न धरता पुढे जायचे. देणाऱ्याने जे दिले तेवढेच घ्यायचे, आत डोकावायचे नाही. आणि साठवायचे नाही. अवधूताच्या चोवीस गुरूंत भ्रमर आहे. तो फुलाला न दुखावता थोडे थोडे घेतो, त्यावरूनच माधुकरी शब्द आला. त्याच यादीत मध काढून नेणाराही आहे. पोळ्यात दुसऱ्याने साठवलेले तो एकदम घेऊन जातो. हातात कॅमेरा असला की आपण या दोघांपैकी कोण, एवढे विचारले तरी पुरे.

कहाणीचेही तसेच आहे. आपण विचारतो ते बहुतेक एकच, 'तुमच्यावर ही वेळ कशी आली?' म्हणजे आयुष्यातला सर्वांत वाईट दिवस सांगा. तो माणूस पहाटे बाजारात हमाली करतो, लग्नाच्या हंगामात वाढपी म्हणून जातो, भंगार वेचून मुलीला पैसे धाडतो, हे फोटोखाली येत नाही. रडू आणेल तेवढेच छापले जाते. आपल्याकडे भीक मागण्यास प्रतिबंध करणारा १९५९ चा मुंबईचा कायदा आहे. आपली जखम किंवा व्यंग उघडे करून भीक मागणे हा त्यात गुन्हा आहे. उपजीविकेचे दिसेल असे साधन नसताना भीक मागत असावा अशा रीतीने भटकणेही त्यात येते. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिल्लीपुरत्या या कायद्याच्या मुख्य तरतुदी रद्द केल्या. पण विचार करा. स्वतःची जखम दाखवून दोन रुपये मागणारा गुन्हेगार, आणि त्याचीच जखम दाखवून हजारोंची वाहवा मिळवणारा कलावंत?

आणखी एक मोह खास आपल्यासारख्या भाविकांचा. जटा वाढलेल्या, धुळीने माखलेल्या माणसाचा फोटो पाहून आपण सहज म्हणतो, 'अगदी अवधूत वाटतो!' महाराजांनाही एक घर नाही. काशीला स्नान, कोल्हापूरला भिक्षा, माहूरला निद्रा. पण अवधूताने घर सोडले, याचे घर गेले. एकाचे वैराग्य आहे आणि दुसऱ्याची आपत्ती. आपत्तीला वैराग्याचे कपडे चढवले की आपल्याला नमस्कार करून सुटता येते, मदत करावी लागत नाही.

ली जेफ्रीज या इंग्रज छायाचित्रकाराची एक हकीकत इथे सांगण्यासारखी आहे. २००८ मध्ये लंडनच्या रस्त्यावर पडून असलेल्या एका बेघर मुलीचा त्याने लांबून फोटो घेतला. तिने ते पाहिले आणि ती ओरडली. तो निघून जाऊ शकला असता. पण तो रस्ता ओलांडून तिच्याजवळ गेला, माफी मागितली, बसून बोलला. तेव्हापासून आधी ओळख आणि मग फोटो, हा त्याचा मार्ग झाला. त्याने काढलेले चेहरे आज जगभर पाहिले जातात. तिचे ओरडणे म्हणजे नसलेल्या दाराची कडीच होती, असे मला वाटते. ती त्याला ऐकू आली.

आता आपल्या अंगणात येऊ. उत्सवात अन्नदान होते, थंडीत ब्लँकेटे वाटली जातात. ब्लँकेटचे एक टोक मंडळाच्या हातात, दुसरे म्हाताऱ्या आजीच्या, आणि तिने मान वर करून कॅमेऱ्याकडे पाहावे म्हणून सगळे खोळंबलेले. हिशेबासाठी फोटो लागतो, देणगीदारांना दाखवावा लागतो, हे मान्य. मग पातेल्याचा घ्या, गठ्ठ्यांचा घ्या, वाढणाऱ्या हातांचा घ्या. त्या आजीला ब्लँकेटची किंमत तिच्या चेहऱ्याने मोजायला लावू नका. आणि तिचाच फोटो हवा असेल तर ब्लँकेट देऊन झाल्यावर, वेगळ्या वेळी, शेजारी बसून विचारा. मदत हातात असताना विचारलेल्या प्रश्नाला 'नको' म्हणण्याची सोय नसते. तिने 'काढ बाळा' म्हटले तर नाव विचारा, काढलेला तिला दाखवा, जमल्यास छापून आणून द्या. 'नको' म्हणाली तर नमस्कार करून पुढे व्हा.

अनसूयामातेने त्या तिघांना हाकलले नाही आणि शापही दिला नाही. तिने त्यांची नजर बदलली. बाळाला आईचे उघडेपण दिसत नाही, त्याला फक्त आई दिसते. रस्त्यावरच्या माणसाकडे पाहताना तेवढी नजर मागून घ्यावी. गाणगापुरात भिक्षेच्या वेळी महाराज कोणत्या रूपाने समोर येतील सांगता येत नाही, असे आपण मानतो आणि म्हणून कुणालाच विन्मुख पाठवत नाही. एरवीही, कॅमेरा वर करण्याआधी एवढे आठवले तर पुरे.

॥ अवधूत चिंतन श्रीगुरुदेव दत्त ॥