चुकलेलं पान कानाला कसं दिसावं?

मार्चमध्ये आमच्या हट्टा गावात जिकडे तिकडे ताडपत्रीवर शिजलेली हळद वाळत असते. हळकुंडं निवडताना हात गुंतलेले असतात, कान मात्र मोकळे. अशाच दुपारी मी डॅनियल कीज यांची ‘फ्लॉवर्स फॉर अल्गर्नॉन’ ही इंग्रजी विज्ञान कादंबरी मोबाइलवर ऐकली. छापील प्रत आधी वाचून झाली होती. तरी ऐकताना सारखं वाटत राहिलं, हे पुस्तक वेगळंच आहे.

१९५९ साली ती कथा म्हणून आली, १९६६ साली कादंबरी झाली. नायक चार्ली गॉर्डन बत्तीस वर्षांचा, बेकरीत काम करणारा, बुद्धीनं मागे राहिलेला. अल्गर्नॉन नावाच्या पांढऱ्या उंदरावर यशस्वी झालेली शस्त्रक्रिया त्याच्यावर करतात आणि त्याला रोजच्या नोंदी लिहायला सांगतात. सगळी कादंबरी म्हणजे या नोंदी. चार्ली हुशार झाला, हे पहिल्यांदा कळतं ते त्याच्या लिहिण्यावरून. स्पेलिंगं सुधारतात, वाक्यं लांब होतात. पुढं बुद्धी ओसरू लागते तशा चुका परत येतात. एका नोंदीत त्याला स्वल्पविरामाचा नवाच शोध लागतो आणि तो वाट्टेल तिथे स्वल्पविराम टाकत सुटतो. ते पान वाचताना मी हसलो, आणि पुढच्याच क्षणी हसल्याची लाज वाटली. बेकरीतले लोक चार्लीला हसतात, तसाच मीही हसलो होतो. वाचणाऱ्याला असं पकडणं हीच त्या मांडणीची खरी करामत आहे.

ऐकताना ती लाज वाटलीच नाही. वाचून दाखवणाऱ्याचा आवाज चांगला होता, अडखळत, जपून बोलणारा. पण स्पेलिंगची चूक कानाला ऐकू येत नाही. कानाशी आला तो एक साधा, भला माणूस. त्याच्याविषयी माया वाटली. स्वतःविषयी काही कळलं नाही.

म्हणून ऐकणं कमअस्सल, असं मात्र मी म्हणणार नाही. संत नामदेवांचं जन्मस्थान मानली जाणारी नर्सी आमच्याच हिंगोली जिल्ह्यात आहे. इथं पिढ्यान्‌पिढ्या ग्रंथ कानानंच घरात आले. पोथी लावतात तेव्हा वाचणारा ओव्या म्हणून मोकळा होत नाही. थांबतो, अर्थ फोडतो, ऐकणाऱ्यांकडे बघतो. ध्वनिपुस्तकं करणाऱ्यांनी ही रीत उचलावी असं मला मनापासून वाटतं. उदाहरणच घ्यायचं तर, आल्फ्रेड बेस्टर यांच्या १९५६ सालच्या ‘द स्टार्स माय डेस्टिनेशन’ या विज्ञान कादंबरीत शेवटाकडे नायकाची इंद्रियं एकमेकांत मिसळतात, त्याला आवाज दिसू लागतात, आणि पानावरची अक्षरंच चित्रासारखी आकार घेतात. ते पान सरळ वाचून दाखवलं तर हाती शब्द तेवढे उरतात. तिथं नाद, शांतता, दुसरा आवाज, जे लागेल ते वापरून नवं निरूपणच रचायला हवं.

चार्लीला मराठीत आणायचं म्हटलं की अडचण आणखी खोल जाते. मराठीतल्या ह्रस्व-दीर्घाच्या बहुतेक चुका कानाला कळतच नाहीत. ‘कवि’ आणि ‘कवी’ उच्चारून बघा. मोडी लिपीत हा भेद पाळतही नसत, आणि त्यावाचून कारभार अडला नाही. १९६२ साली शासनानं शुद्धलेखनाचे नियम मान्य केले, त्यांवरून वहीत लाल शाईच्या रेघा ओढून घेत आम्ही शिकलो. ऐकू येणारी चूक हवी तर उरतात ‘न-ण’ आणि ‘श-स’. पण ‘पानी’ ही आमच्याकडे चूकच नाही, माझी माय रोज तसंच म्हणते. चार्लीच्या तोंडी ‘पानी’ घातलं की बुद्धी कमी दाखवण्यासाठी अख्ख्या गावाची बोली उसनी घेतल्यासारखं होईल. छापील मराठीनं ही आगळीक खूपदा केली आहे, आणि तिचा मला राग आहे. चार्लीच्या चुका मराठीत पानावरच राहाव्यात. आवाजात त्या आणूच नयेत. तिथं वाक्यं तोकडी व्हावीत, शब्द सापडेनासे व्हावेत.

मायला मी ही गोष्ट मराठीत करून सांगितली तेव्हा असंच केलं. शेवटाकडे वाक्यं लहान करत गेलो. हळकुंडं निवडता निवडता तिचा हात थांबला. “उतरायलं की रे त्याचं,” ती म्हणाली. चुकीचं एक अक्षरही तिनं ऐकलं नव्हतं.

मग मी तिला ते स्वल्पविरामांचं पान दाखवलं. तिला मराठी अक्षरं जेमतेम लागतात, इंग्रजी नाहीच. पिवळं बोट पदराला पुसून तिनं त्या खुणांवरून फिरवलं.

“लेकरानं मूठभर तीळ सांडल्यावानी दिसतंय,” ती म्हणाली. “हे तर तू सांगितलंच नाहीस.”