जुनी गाडी आणि दुसऱ्याचा हक्क

आमच्या बपेऱ्याच्या घरासमोर कडुनिंबाखाली एक मारुती 800 उभी आहे. 2005 साली निवृत्तीचे पैसे हाती आले तेव्हा अब्बांनी ती घेतली. बपेरा म्हणजे तुमसर तालुक्याचे टोक; पुढे मध्य प्रदेश सुरू होतो. रात्री-अपरात्री एस.टी. मिळत नाही. मोहल्ल्यातल्या कितीतरी बाळंतिणी, कितीतरी आजारी माणसे या गाडीने तुमसरच्या दवाखान्यात पोहोचवली. अब्बांनी कधी कोणाकडे पेट्रोलचे पैसे मागितले नाहीत. अब्बा गेले, गाडी राहिली. नोव्हेंबर 2025 मध्ये तिच्या नोंदणीची मुदत संपली आणि आमच्यापुढे प्रश्न आला : गाडी दुरुस्त करावी की भंगारात काढावी?

आधी हिशेब मांडला. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. 2020 मध्ये आम्ही ते केले तेव्हा शुल्क 600 रुपये होते. एप्रिल 2022 पासून ते 5,000 झाले आणि ऑगस्ट 2025 च्या नियमाने वीस वर्षांवरील मोटारीसाठी 10,000. शिवाय हरित कर आणि विमा वेगळे. गाडी निळसर धूर सोडत होती. इंजिन उतरवून पिस्टन-रिंगा बदलायचे मिस्त्रीने 28 हजार सांगितले. मग तो गाडीखाली शिरला आणि बाहेर येऊन म्हणाला, "गुरुजी, इंजिन होऊन जाते, पण खालचा पत्रा गेला ना जी. मागच्या चाकापाशी बोट घालून पाहा." आम्ही घातले. बोट आरपार गेले.

घरी सांगितले तर अम्मी म्हणाल्या, "अब्बांची निशाणी भंगारवाल्याला देणार?" याला आमच्यापाशी उत्तर नव्हते. वर्गात आम्ही मुलांना इस्राफचा अर्थ समजावतो. पाणी सांडू नका, भाकरी टाकू नका, कागद फाडू नका असे सांगतो. मग चालती गाडी टाकून देणे हा इस्राफ नाही का? नवी गाडी काही आभाळातून पडत नाही. तिच्या पोलादासाठी मँगनीज लागते आणि ते आमच्याच तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या खाणींतून निघते. ते काढायला किती माणसांचा घाम गळतो, हे या भागातल्या माणसाला सांगावे लागत नाही. जुने टिकवणे हा आपल्या वडीलधाऱ्यांचा संस्कार आहे आणि तो चुकीचा नाही.

केवळ वय झाले म्हणून वस्तू निकामी ठरते, हेही आम्हाला पटत नाही. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीचे उदाहरण घ्या. शेवटची पद्मिनी 29 ऑक्टोबर 2003 रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्याने ऑक्टोबर 2023 अखेर तीही रस्त्यावरून गेली. तिच्यावर किती कुटुंबांची चूल पेटली असेल! कायदा वर्षे मोजतो, कारण प्रत्येक गाडीखाली शिरून पाहणे त्याला शक्य नसते. पण आम्ही तर पाहिले होते. कायदा ढोबळ आहे, असे म्हणून आमचा गंजलेला पत्रा काही धड होणार नव्हता.

तेवढ्यात तिसरी वाट समोर आली. सीमेपलीकडून एक गृहस्थ आले. गाडीभोवती फिरून त्यांनी 30 हजार देऊ केले. भंगारात याच्या निम्मेही मिळाले नसते. आम्ही सहज विचारले, गाडी कशाला हवी? ते म्हणाले, "शाळेची पोरं ने-आण करू." खरे सांगायचे तर त्या क्षणी आम्ही पत्र्याबद्दल गप्प बसलो. विचार करून सांगतो, एवढेच म्हणालो.

त्या रात्री झोप लागली नाही. विक्रेत्याने मालातला दोष लपवू नये, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत. मग वाटले, दोष सांगून विकली तर? घेणारा सज्ञान आहे, तो कबूल होईल. पण मागच्या सीटवर बसणाऱ्या पोरांना कोण विचारणार? आणि तोच प्रश्न आमच्याकडेही वळला. मुदत संपल्यावर दोन महिने आम्ही ही गाडी तशीच चालवली होती, शेजारच्या आजींना दवाखान्यात नेले होते. त्यांना वाटले आम्ही उपकार केला. पत्र्याचे त्यांना कुठे ठाऊक होते? आम्हालाही नव्हते, कारण वाकून पाहायचे आम्ही टाळले होते. निशाणी जपतो आहोत असे म्हणताना त्यात थोडी कंजुषीही होती.

हुकूकुल इबाद, म्हणजे माणसांचे माणसांवरचे हक्क. आमच्या मते या प्रश्नाचे उत्तर तिथे आहे. मोडकी खुर्ची, जुनी सायकल, शिवणयंत्र हवे तितक्या वेळा दुरुस्त करावे. पडलो तर आपण पडू. गाडी मात्र रस्त्यावर निघते. तिचा धूर दुसऱ्याच्या छातीत जातो, तिचा ब्रेक चुकला तर दुसऱ्याचे लेकरू चिरडते. दुरुस्तीने ती खरोखर निर्धोक होत असेल तर दुरुस्त करावी, मग ती तीस वर्षांची असली तरी चालेल. होत नसेल तर ती विकणे म्हणजे आपला धोका दुसऱ्याच्या गळ्यात बांधणे.

आम्ही त्या गृहस्थांना फोन करून पत्र्याचे सांगितले आणि गाडी विकायची नाही असेही सांगितले. ते नाराज झाले. अम्मींना गाडीपाशी नेले, ते भोक दाखवले. त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "तुझ्या अब्बांनी यात कोणाला बसवले नसते."

गाडी आता अधिकृत स्क्रॅप केंद्रात जाईल. तिथे ऑइल आणि बॅटरी वेगळी काढतात, नाल्यात ओतत नाहीत. तिथल्या दाखल्यावर नव्या खासगी गाडीच्या करात पंचवीस टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची तरतूद आहे. नवी गाडी घेण्याची ऐपत आज आमच्यात नाही. मोहल्ल्यात रात्री कोणाला दवाखान्यात न्यायचे झाले तर काय, ही काळजी उरली आहे. सध्या गावातल्या एका जीपवाल्याशी बोलून ठेवले आहे. भाड्याचे निम्मे आम्ही देणार. अब्बांची खरी निशाणी पत्र्याची नव्हती, असे आम्हाला आता वाटते.