गाळणीचे ऋण

जे संकट कदाचित कधी येणारच नाही, त्याच्यासाठी आज किती खर्च करावा? प्रश्न हिशेबाचा दिसतो. आम्हांला तो मुळात नैतिक वाटतो.

इंग्लंडमधील विंडस्केल येथे अण्वस्त्रांसाठी प्लुटोनियम निर्माण करणाऱ्या अणुभट्ट्या उभ्या राहत होत्या. सर जॉन कॉकक्रॉफ्ट यांनी त्यांच्या धुरांड्यांना गाळण्या बसविण्याचा आग्रह धरला. बांधकाम पुढे गेले असल्याने त्या सुमारे १२० मीटर उंच धुरांड्यांच्या माथ्यावर बसवाव्या लागल्या. ‘कॉकक्रॉफ्टचा वेडेपणा’ म्हणून त्यांची थट्टा झाली. ऑक्टोबर १९५७मध्ये एका भट्टीला आग लागली. किरणोत्सारी आयोडीन निसटले. सुमारे ५०० चौरस किलोमीटर प्रदेशातील दूध ओतून द्यावे लागले. तरीही बरीचशी किरणोत्सारी धूळ त्या गाळण्यांनी अडविली. २०११मध्ये फुकुशिमाच्या भट्ट्यांतील कोंडलेला दाब बाहेर सोडण्याच्या मार्गांवर मात्र अशी गाळणी नव्हती.

गाळणी टाळली तर पैसा एकाचा वाचतो आणि श्वास दुसऱ्याचा धोक्यात येतो. तो दुसरा निर्णयाच्या बैठकीत नसतो; पुष्कळदा तो जन्मलेलाही नसतो. म्हणूनच सावधगिरी हे आपले औदार्य नव्हे. ते त्या अनुपस्थित माणसाचे आपल्यावरील ऋण आहे, आणि संकट आले नाही म्हणून ते फिटत नाही.