वक्तृत्व आणि निष्काम कर्म
पेण तालुक्यातील गागोदे येथे १८९५ साली जन्मलेल्या विनोबा भावे यांनी १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी बंदिवानांपुढे गीतेचा एकेक अध्याय उलगडला आणि साने गुरुजींनी तो टिपून घेतला. त्याच गीतेतले निष्काम कर्म, म्हणजे फळाची आसक्ती सोडून मन लावून केलेले काम, बोलण्यालाही लागू पडते का, हा प्रश्न अलिबाग-मुरूडकडच्या एखाद्या वर्गात थरथरत्या हाती कागद धरून प्रथमच विषय मांडणाऱ्या विद्यार्थ्यापाशी खरा कसाला लागतो, कारण त्याला धास्ती असते ती विषयापेक्षा लोक काय म्हणतील याची. अर्थात आसक्ती सुटली म्हणून मेहनत सुटत नाही. आदल्या रात्री मोठ्याने केलेला सराव आणि शेवटच्या बाकावरच्या मुलाला न कळलेला मुद्दा पुन्हा सांगण्याची तयारी हीदेखील त्या कर्माचीच अंगे होत.