नेम आणि नाव

आपल्या भाषेत काही शब्द एकाच घरात राहणाऱ्या दोन भावांसारखे असतात. चेहरा एक, स्वभाव मात्र निराळे. 'नेम' हा त्यांपैकीच एक. आजी पहाटे उठून तुळशीला पाणी घालते, तोही नेम. आणि नातू गलोल ताणून कैरीवर डोळा लावतो, तोही नेमच. एक पाळायचा असतो, दुसरा धरायचा असतो. पाळायचा नेम चुकला तर मनाला चुटपुट लागते. धरलेला नेम चुकला तर चारचौघांत हसे होते. वर्गात हा शब्द आला की मी दोन्ही अर्थ फळ्यावर लिहितो, मुले ते वहीत उतरवून घेतात आणि आम्ही पुढच्या धड्याकडे वळतो. परंतु अलीकडे मला असे वाटू लागले आहे की, हे दोन भाऊ वेगळे निघाले तर दोघांचेही नुकसान आहे. धरायच्या नेमाचे तर फारच.

फराळाचे ताट पुढ्यात असताना बंदुकीचा विषय कशाला, असे वाचकांपैकी कोणी म्हणेल. पण खंडेनवमीला शस्त्रे पुजून आपल्याला जेमतेम तीन आठवडे झालेले असतात, आणि टिकल्यांचे पिस्तूल ज्या घरात नाही असे लहान मुलांचे घर या दिवसांत शोधून सापडायचे नाही. तेव्हा विषय काही घराबाहेरचा नाही. माझा प्रश्न साधा आहे. केवळ गंमत म्हणून नेम धरायचा, कोणाला लागत नाही, कोणी मरत नाही, कागदाला भोक पडते एवढेच. तर हा खेळ निष्पाप म्हणावा की नाही?

या प्रश्नाला दोन उत्तरे तयार असतात. एक म्हणते, शस्त्र ते शस्त्रच. ते हातात घेतले की मन बिघडायचेच. दुसरे म्हणते, खेळ तो खेळच. त्यात पापपुण्य कसले? दोन्ही उत्तरे देणाऱ्याला फारसा विचार करावा लागत नाही, म्हणूनच ती लोकप्रिय आहेत.

पहिल्या उत्तराशी माझे जमत नाही, याला कारण मी ज्या मुलखात राहतो तो मुलूख. कोल्हापूरला कुस्तीइतकीच आता नेमबाजीचीही ओढ आहे. तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्युनिकला जगज्जेतेपद मिळवले, राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले, आणि १ ऑगस्ट २०२४ रोजी राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये कांस्यपदकाचा मानकरी ठरला. स्वप्नील शिक्षकाचा मुलगा, त्यामुळे आम्हा मास्तर लोकांची मान त्या दिवशी उगीचच थोडी ताठ झाली होती. याच राधानगरी तालुक्यातले दाजीपूरचे जंगल एके काळी कोल्हापूरच्या महाराजांचे शिकारीचे रान होते. १९५८ साली त्याचे अभयारण्य झाले. १९७२ च्या कायद्याने पुढे देशभर वन्य प्राण्यांना संरक्षण मिळाले. शिकारीच्या रानाचे अभयारण्य व्हावे आणि त्याच मातीतल्या पोराने कागदावरच्या वर्तुळाचा वेध घेऊन नाव काढावे, यात मला माणसाच्या मनाची थोडी प्रगती दिसते.

या खेळाचा इतिहासही तेच सांगतो. १९०० सालच्या पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये जिवंत कबुतरे उडवून मारण्याची स्पर्धा झाली होती. तो प्रकार पुन्हा झाला नाही. कबुतराच्या जागी मातीची तबकडी आली. पिस्तुलाच्या एका स्पर्धेत माणसाच्या आकाराच्या पाट्या असत. त्याही गेल्या आणि साधी वर्तुळे आली. दहा मीटरवरून हवेच्या रायफलने ज्या ठिपक्याचा वेध घ्यायचा, त्याचा व्यास अर्धा मिलिमीटर असतो, आणि छऱ्याचा साडेचार. म्हणजे मारणारा छरा लक्ष्याहून नऊपट रुंद! इतके बारीक लक्ष्य म्हणजे जवळजवळ काहीच नाही. त्या 'काहीच नाही'वर माणूस तासन् तास श्वास रोखून उभा राहतो. याला हिंसा म्हणणे मला जड जाते. ही मला एक प्रकारची संध्याच वाटते.

एवढे असूनही दुसरे उत्तरही मला पुरत नाही. का, ते एका दिवसाच्या हकिकतीवरून सांगतो.

माझ्या एका स्नेह्यांची करवीर तालुक्यात भावाभावांची सामाईक शेती आहे. सुट्टीत सगळे भाऊ, सुना, नातवंडे शेतावरच्या घरात जमतात. त्यांच्या पुतण्याने हवेची रायफल घेतलेली होती आणि थोरले भाऊ सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. तेव्हा एक दिवस नेमबाजीचा ठरला आणि मलाही बोलावणे आले. विहीर खणताना निघालेल्या मातीचा पुरुषभर उंचीचा ढीग होता, त्याच्या पायथ्याशी फळी रोवून तिच्यावर वर्तुळांचे कागद डकवले. कासऱ्याने मोजून दहा मीटरवर चुन्याची रेघ मारली. रेघेमागे घोंगडी अंथरली, शेंगा भाजायला आगटी पेटवली, आणि पंचक्रोशीतली मुले बोलावल्याशिवायच जमली.

सुभेदारांनी पहिल्यांदा नियम सांगितले. "बंदूक रिकामी हाय असं कधी समजायचं न्हाई. ज्याला लागू नये असं वाटतंय, त्याच्याकडं नळी करायची न्हाई. आन् मी हात वर केला की बंदूक खाली, मग समोर वाघ येऊ दे न्हाईतर म्हसोबा." दोन नियम पुस्तकात सापडतील, तिसरा त्यांचा स्वतःचा असावा. मुलांनी माना डोलावल्या. मग एकेकाने रेघेवर यायचे, नळी मोडून छरा भरायचा, डोळ्याजवळची खाच आणि टोकावरचा खुंट एका रेषेत आणायचे, श्वास अर्धा सोडून धरायचा आणि चाप ओढायचा नाही, तर दाबत न्यायचा. "कळायच्या आत सुटली पायजे. सुटणार सुटणार म्हटलं की हात हलला," असे ते पुन्हा पुन्हा सांगत.

सकाळ मोठ्या मजेत गेली. कॉलेजात जाणाऱ्या एका बहाद्दराचे पाचही छरे ढिगाऱ्यात गेले. त्याने दोष वाऱ्याला दिला, आणि वारा तर पानही हलवीत नव्हता. माझे दोन छरे कागदावर लागले. मास्तरांच्या मानाने बरे, असा निकाल मिळाला. सगळ्यांत सरस ठरल्या त्या स्नेह्यांच्या वहिनी. पिठाचे हात पदराला पुसून त्या आल्या, पाच छरे उडवले आणि पाचही काळ्या वर्तुळात. कोणी विचारले, तर म्हणाल्या, "सुईत दोरा ओवताना श्वास धरायलाच लागतोय की!" आणि परत चुलीकडे गेल्या. त्या दिवशी मी एक पाहिले. नेहमी एकमेकांच्या बोलण्यावर बोलणारी ती माणसे, रेघेवर कोणी उभा राहिला की आपोआप गप्प होत. दुसऱ्याच्या श्वासाची इतकी कदर आपण एरवी कुठे करतो?

दुपारी झुणका-भाकरी झाल्यावर कागद संपले. भाताची कापणी झालेल्या तुकड्यातले बुजगावणे उपटून बांधावर टाकले होते. धाकट्या भावाने ते आणून ढिगाऱ्यापुढे उभे केले. डोक्याचे मडके, त्यावर चुन्याचे डोळे. कोणीतरी कोळशाने झुबकेदार मिशा काढल्या, कोणी फडके गुंडाळून डाव्या कानावर झुकलेला फेटा केला. एवढ्यावर एक जण मोठ्याने एका शेजाऱ्याचे नाव घेऊन म्हणाला, "आता बघू या, बांध कसा सरकवतोय!" एकच हशा पिकला. त्या शेजाऱ्याशी बांधावरून यांचा कोर्टात दावा चालू होता. मिशा आणि फेटा इतके हुबेहूब जमले होते की हसू येणे साहजिक होते.

त्या शेजाऱ्याचा नातू त्या मुलांतच बसला होता. भांडण मोठ्यांचे, मुलांचे काय, ती रोज एकत्र खेळत. तोही हसला. पण त्याचे हसणे सर्वांच्या आधी थांबले.

सुभेदारांनी हात वर केला. बंदूक खाली झाली. ते उठले, मडक्यावरच्या मिशा ओल्या फडक्याने पुसल्या आणि बुजगावणे आडवे करून ठेवले. धाकटा भाऊ म्हणाला, "आबा, मडकं हाय ते. मडक्याला काय लागतंय?" सुभेदार म्हणाले, "मडक्याला न्हाई लागत. पर नाव घेतलंस न्हवं? मग नळी त्याच्याकडं झाली." आणि वापरलेल्या कागदांची कोरी बाजू वर करून त्यांनी ते पुन्हा फळीवर लावले. कोळशाने मध्ये एकेक ठिपका दिला. पुढची पाळी त्यांनी त्या नातवाला दिली. यानंतर दोन्ही घरे एक झाली, असे एखाद्या गोष्टीत घडले असते. दावा अजून चालू आहे.

मला मात्र ते एक वाक्य सुटेना. नाव घेतले की नळी त्याच्याकडे झाली. छरा तोच, मडके तेच, नेमही तोच. मग बदलले काय? बदलला तो नेम धरणारा. कागदावरच्या ठिपक्यावर नेम धरताना माणूस स्वतःचा हात, स्वतःचा श्वास, स्वतःची घाई यांच्याशी झगडत असतो. लक्ष्य समोर असते, पण प्रतिस्पर्धी आतच असतो. त्या ठिपक्याला एखाद्याचे नाव दिले की आतला प्रतिस्पर्धी सुटतो आणि समोर वैरी उभा राहतो. मडके फुटते तेव्हा त्या माणसाचे काही बिघडत नाही, हे खरे. पण त्या माणसाला फुटलेले पाहण्याची सवय आपल्या डोळ्यांना लागते. अशी सवय काही खेळ संपला म्हणून घरी जात नाही.

येथे मला द्रोणाचार्यांच्या परीक्षेची आठवण होते. झाडावर पाखरू, आणि आचार्य एकेकाला विचारतात, काय दिसते? युधिष्ठिराला झाड दिसते, आचार्य दिसतात, भाऊ दिसतात. आचार्य त्याला बाजूला करतात. अर्जुनाला केवळ पाखरू दिसते, त्यातही केवळ त्याचे डोके. आपल्या लोककथेने त्याचा डोळा केला. एकाग्रतेचा धडा म्हणून ही गोष्ट शाळाशाळांतून सांगितली जाते. पण महाभारताच्या आदिपर्वात एक बारकावा आहे. ते पाखरू खरे नव्हते. कारागिरांकडून करवून घेतलेले होते. शिष्यांना पाखरू सोडून दुसरे काही पाहू नका असे शिकवायचे होते, आणि म्हणूनच आचार्यांनी आधी स्वतः सगळे पाहून ठेवले होते. समोर जीव नाही याची खात्री त्यांनी केली, मगच बाण सोडायला सांगितले.

आणि पुढे? ज्या अर्जुनाने भाऊ दिसत नाहीत, आचार्य दिसत नाहीत असे सांगून परीक्षा जिंकली, त्यानेच कुरुक्षेत्रावर रथ दोन्ही सैन्यांच्या मध्ये नेऊन उभा करायला लावला. तेथे त्याला काय दिसले? आचार्य आणि भाऊच. गांडीव हातातून गळू लागले. त्या एका नजरेला उत्तर देण्यासाठी प्रत्यक्ष भगवंताला अठरा अध्याय खर्च करावे लागले. लहानपणी नापास झालेली युधिष्ठिराची नजर त्या क्षणी अर्जुनाला आली, असे मला वाटते. दोघांपैकी एकच खरा, असे मानण्याचे कारण नाही. छरा भरण्यापूर्वी माणसाने धर्मराज व्हावे. झाड, भाऊ, शेजाऱ्याचा नातू, सगळे पाहावे. भरल्यावर अर्जुन व्हावे. हा क्रम उलटला की खेळाचा खेळ राहत नाही. पाळायचा नेम आधी आणि धरायचा नंतर, असे मी वर म्हटले ते याच अर्थाने.

बंदूक ज्यांनी जन्मात हातात धरलेली नाही, त्यांनाही हे लागू आहे. हल्ली खिशातल्या फोनवर आपण दिवसभरात किती जणांची मडकी मांडतो! कोणाचे नाव घ्यायचे, मिशा काढायच्या, एक शब्द सोडायचा आणि हशा पिकवायचा. लागले कुठे, हे पाहायला कोणी रेघ ओलांडून पुढे जात नाही. आणि आपल्यातच बसलेला कोणाचा तरी नातू आधी हसायचा थांबला, हेही कोणाच्या ध्यानात येत नाही.

यावर एक आक्षेप मात्र खरा आहे. आपण सणातच असे करतो की! कोकणात आणि गोव्यात नरकचतुर्दशीच्या पहाटे अंगठ्याखाली कारीट फोडतात, ते नरकासुराच्या नावाने. तेथे नाव घेतलेले चालते, मग मडक्यानेच काय केले? मी यावर बराच विचार केला. एक तर नरकासुराचा बांध कोणाच्या शेताला लागून नाही. दुसरे म्हणजे, कथेप्रमाणे मरताना त्यानेच मागितले की, या दिवशी जो स्नान करील त्याला नरकाची पीडा होऊ नये. म्हणजे ज्याला आपण फोडतो, त्याचेच मागणे आपण अंगाला तेल-उटणे लावून पाळत असतो. आणि तिसरी गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. कारीट नुसते फोडून चालत नाही. त्याचा रस फोडणाऱ्याने स्वतःच्या जिभेला लावायचा असतो. तो कडू असतो, अगदी डोळ्यांत पाणी येईल इतका. फराळाचा पहिला घास त्यानंतर घ्यायचा.