नाथांची कावड आणि नाथसागर

जायकवाडी हे गाव बीड जिल्ह्यातले. गोदावरीवर मोठे धरण बांधायचे ठरत होते ते याच गावाजवळ. पुढे जागा बदलली आणि धरण वरच्या अंगाला पैठणला गेले. नाव मात्र बीडच्या गावाचेच राहिले. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केली, २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींनी उद्घाटन केले. सत्तावीस दरवाजांमागे अडलेल्या पाण्याला नाव दिले नाथसागर.

एकनाथांसारख्या संताचे नाव पाण्याला द्यायचे, तर त्याने जगून दाखवलेला प्रश्नही अंगावर घ्यावा लागतो. काशीची गंगा कावडीने रामेश्वराला न्यायची, ही केवढी तपश्चर्या! वाटेत तापलेल्या वाळूत तडफडणारे गाढव दिसले आणि एकनाथांनी ती गंगा त्याच्या तोंडात ओतली. देव तहानेत दिसला, एवढेच ते सांगून गेले.

या कथेची आठवण काढून गोदावरीच्या वरच्या अंगाच्या धरणांनी खाली जायकवाडीसाठी पाणी सोडावे, असे म्हणणे सोपे आहे. पण तिथे एक फरक सुटतो. नाथांची कावड त्यांच्या खांद्यावरची, त्यांच्या कष्टाची होती. म्हणून ते दान ठरले. नाशिक-नगरच्या डोंगरांवर पडलेला पाऊस कोणी वाहून आणलेला नाही. मग जे आपले नाहीच, ते खाली सोडण्याला दान कसे म्हणायचे?

हे दान नव्हे, असे कायद्याने आपल्या भाषेत मानले आहे. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यात समन्यायी वाटपाचे तत्त्व आले. १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांहून कमी साठा असेल तर वरून पाणी सोडायचे, असे प्राधिकरणाने २०१४ साली ठरवले. २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने समन्यायी वाटपाचे तत्त्व उचलून धरले. तरीही टंचाईच्या वर्षी दोन्हीकडची भाषा उपकाराचीच असते: आम्ही दिले, त्यांनी नेले.

नाथांच्या कथेतला तहानेचा प्रश्न खालच्यांनाही टाळता येत नाही. पैठणचा उजवा कालवा बीड जिल्ह्यात येतो आणि सिंदफणेवरच्या माजलगाव धरणाला जोडला जातो. त्या पाण्यावर ऊस उभा राहतो. तहान कोणाची आधी? याच जिल्ह्यातल्या केज तालुक्यात धनेगावला मांजरा धरण आहे; लातूरची तहान त्यावर भागते. २०१६ च्या उन्हाळ्यात ते आटले आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीत पाच लाख लिटर होते. दुष्काळी मुलखात पिण्याचे पाणी राखून मगच उसाचा विचार व्हायला हवा. नाथांच्या कथेत हा क्रम उघड आहे, आमच्या नियोजनात तो दरवर्षी नव्याने भांडून मिळवावा लागतो.

शिवाय या पाण्यासाठी किंमत मोजलेली माणसे आहेत. नाथसागराखाली सुमारे ३५ हजार हेक्टर जमीन गेली. जमीन दिलेल्यांचे ऋण मोबदल्याच्या पावतीवर संपत नाही, कारण पाणी दर वर्षी नव्याने वापरले जाते. आणि याच बीडमधून दसरा-दिवाळीच्या सुमाराला उचल घेतलेल्या कुटुंबांच्या टोळ्या कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात निघतात. दुसऱ्याच्या बागायतीतला ऊस तोडणाऱ्या या माणसांच्या गावी जनावरांना पुरेल एवढे पाणी नसते. वाटपाचा तक्ता मांडताना त्यांची तहान कोणत्या रकान्यात धरायची, हे अजून कोणी सांगितलेले नाही.